गेट ते पोर्च 66 फूट: एका ड्राईव्हवेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओळखीतल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण आहे, नाव-गाव मुद्दाम काढून टाकलंय. बैठं घर, मागच्या बाजूला पोर्च, आणि गेटपासून पोर्चपर्यंत 66 फूट लांब, 10 फूट रुंद असा गाडी आत आणायचा पट्टा. घरात काका-काकू, मुलगा-सून आणि काकांची आई. आजींचं चालणं वॉकरवर. दोन गाड्या, एक स्कूटर आणि पाणी कमी पडलं की येणारा टँकर, एवढी त्या पट्ट्यावरची वर्दळ.

मी साईट सुपरव्हिजनची कामं करतो म्हणून काकांनी मला फोन केला, आणि प्रश्न एकच होता: "पेव्हर घालू का काँक्रीट, एका शब्दात सांग." आता एका शब्दात सांगता आलं असतं तर हे एवढं लिहायची वेळच आली नसती. जाऊन जागा बघितली.

रस्ता घरापेक्षा वर. गेटमधून आत आलं की पहिल्या 20 फुटांत जमीन 2 फूट खाली उतरते, म्हणजे 1:10 चा उतार. पुढचे 32 फूट जवळजवळ सपाट पण मध्ये डावीकडे हलकं वळण. आणि शेवटचे 14 फूट पोर्चसमोर, जिथे गाड्या पुढे-मागे करून वळवतात. ह्या शेवटच्या तुकड्याखालून बाथरूमची ड्रेनेज लाईन आडवी जाते सेप्टिक टँककडे, आणि वर गेटजवळ उताराच्या एका कडेला पाण्याच्या व्हॉल्व्हचं चौकोनी चेंबर. जमीन काळी माती, त्यावर घर बांधताना पायातून निघालेला भराव नुसता पसरलेला, रोलर त्याने कधी बघितलेला नव्हता.

अडचण काय होती

वर वर बघितलं तर अडचण साधी, पाऊस आला की चिखल. आधी दोनदा मुरूम टाकून झाला होता, एकदा बारीक गोल गोटे टाकले होते कारण ते दिसायला छान. मुरूम मातीत गेला, गोटे उतारावरून निम्मे खाली पोर्चशी येऊन साचले आणि उरलेले चाकांनी बाजूला फेकले. गोल गोट्यांचं असंच होतं, त्यांना कोनच नसतात त्यामुळे एकमेकांत अडकत नाहीत, कितीही दाबा चाकाखालून सटकतात. फोडलेली खडी धारदार असते म्हणून ती दाबली की एकमेकींना धरून बसते. ही एक गोष्ट माहीत असती तर एक ट्रक गोट्यांचा खर्च वाचला असता.

पण खरी अडचण मी गेलो त्या दिवशी काकूंनी दाखवली. सपाट भागात दोन चाकोऱ्या पडल्या होत्या, चांगल्या चार-चार इंच खोल, आणि त्यातली एक चाकोरी वळणावर अचानक दुप्पट रुंद झालेली. काकू म्हणाल्या, "ही गाडीची नाही रे, टँकर येऊन गेला की अशी होते, मग आम्ही बुजवतो, मग पुन्हा येतो." शिवाय उतारावरचं सगळं पाणी थेट पोर्चच्या पायरीशी येत होतं आणि तिथून जोत्याला ओल धरत होती.

म्हणजे अडचणी तीन: उतारावरून येणारं पाणी, काळी माती, आणि टँकर. वरचा पृष्ठभाग कुठला हा चौथा प्रश्न झाला. काळ्या मातीचं थोडं सांगतो. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट काहीही घातलं, पेव्हर असो काँक्रीट असो, ते वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खाली बसतं. आणि ओली असताना वजन आलं की ती खडीच्या फटींमधून वर पिळून निघते, मुरूम "मातीत गेला" असं आपण म्हणतो तेव्हा निम्मं हेच झालेलं असतं.

बजेट

आकडे लिहीत नाही कारण दर प्रत्येक ठिकाणी वेगळे. एवढंच सांगतो की अख्खा पट्टा व्यवस्थित काँक्रीट करायला जेवढे लागले असते त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पैसे काकांकडे होते, आणि अट अशी की पुढची दहा-पंधरा वर्षं ह्यात परत हात घालायचा नाही.

पर्याय

परत खडी. हा सगळ्यात स्वस्त पर्याय आणि खरं तर वाईट नाही. खाली जिओटेक्स्टाईलचं कापड (पाणी जाऊ देतं, माती वर येऊ देत नाही), त्यावर दाबलेला थर, त्यावर कोनदार खडी, दोन्ही कडांना कर्ब म्हणजे पक्का काठ, असं केलं तर खडीचा ड्राईव्हवे वर्षानुवर्षं चालतो, अधूनमधून दाताळ्याने ओढून सारखा करायचा आणि काही वर्षांनी थोडी भर घालायची. पण 1:10 च्या उतारावर सुटी खडी टिकत नाही, ब्रेक मारला की सरकते. आणि आजींचा वॉकर खडीवर चालूच शकत नाही. म्हणून अख्खा खडीचा पर्याय बाद झाला, मधल्या भागापुरता मात्र डोक्यात राहिला.

डांबर. मुलाचं मत डांबराचं होतं, काळा गुळगुळीत रस्ता वगैरे. डांबराचा माल साधारण 150 अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असताना पसरून रोलर मारावा लागतो, एवढ्याशा कामाला प्लँटवरून माल येईपर्यंत आणि हाताने पसरेपर्यंत तो गार होतो आणि मग नीट दबत नाही. मोठे कंत्राटदार 660 चौरस फुटांसाठी मशिनरी हलवत नाहीत आणि जे हलवतात ते बहुतेक वेळा कुठल्यातरी रस्त्याच्या कामातून उरलेला माल आणतात. शिवाय गाडी उभी राहते त्या जागी डिझेल-ऑईल ठिबकलं की डांबर विरघळतं, कडक उन्हात उभ्या चाकाखाली दबतं. लांबलचक ड्राईव्हवे असता तर मी डांबराच्या बाजूने बोललो असतो. इथे नाही.

पेव्हर ब्लॉक. काकूंचा कल इकडे, कारण शेजारी आहेत आणि छान दिसतात. पेव्हरचा मोठा गुण म्हणजे उचलता येतात, खाली पाईप फुटला तर चार ब्लॉक काढा, काम करा, परत बसवा. साध्या गाड्यांना 60 मिमी जाडी पुरते, जड वाहन येणार असेल तर 80 मिमी. पण लोक ब्लॉकच्या जाडीवर वाद घालतात आणि खालच्या थरावर कोणी बोलत नाही. कच्च्या भरावावर वाळू पसरून पेव्हर टाकले की पहिल्याच पावसात चाकोऱ्या पडतात, फक्त आता त्या रंगीत असतात. आणि कडेला पक्का आधार नसेल तर बाहेरची ओळ सरकते, तिच्यामागून आतली.

पूर्ण काँक्रीट. टिकायला सगळ्यात खात्रीचं, देखभाल जवळजवळ शून्य, उतारावर उत्तम. 5 इंच जाडी धरली तर 660 चौरस फुटांना 275 घनफूट काँक्रीट. बजेटच्या बाहेर. काकांचा धाकटा भाऊ म्हणाला 3 इंच करा, सगळं बसेल. बसेल, पण 3 इंचाचा कोबा हा चालायला असतो. जाडी निम्म्याच्या जवळ आणली की वजन पेलायची ताकद त्याहून कितीतरी जास्त उतरते, आणि मग तुकडे झालेलं काँक्रीट फोडून उचलून न्यायचा खर्च वेगळा.

चाकपट्ट्या. म्हणजे फक्त दोन चाकांखाली काँक्रीटच्या दोन पट्ट्या, मधली जागा खडी किंवा गवत. जुनी पद्धत आहे, आता फारसं कोणी करत नाही कारण दिसायला "अर्धवट" वाटतं. पण गाडीची चाकं जिथून जातच नाहीत तिथे 5 इंच काँक्रीट कशासाठी ओतायचं ह्याला उत्तर कोणाकडेच नव्हतं.

पहिला निर्णय: टँकर

हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा ठरला आणि त्याचा पृष्ठभागाशी थेट संबंध नव्हता.

10,000 लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच 10 टन, वर ट्रकचं वजन. भरलेल्या टँकरच्या मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, नऊ-दहा टन येतात, साध्या गाडीच्या ॲक्सलवर सहा-सातशे किलो. म्हणजे साधारण 15 पट. पण नुकसान 15 पट होत नाही. अमेरिकेत 1958 ते 1960 मध्ये इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून मोठी चाचणी झाली होती, त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज ॲक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. 15 चा चौथा घात 50,000 च्या वर जातो. मोठ्या रस्त्यांचा नियम घरच्या ड्राईव्हवेला जसाच्या तसा लागू होतो असं नाही, पण अंदाज येतो: टँकरची एक फेरी म्हणजे गाडीच्या हजारो फेऱ्या.

हे काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग काय, जाडी वाढवायची?" वाढवायची तर 8 इंच आणि खाली आणखी दणकट थर, म्हणजे बजेट संपलंच. दुसरा रस्ता असा की टँकर आत येऊच द्यायचा नाही. रस्ता घरापेक्षा वर आहे, टाकी पोर्चजवळ खाली आहे, पाणी आपोआप उतरणार. गेटच्या आतल्या बाजूला होज जोडायला कपलिंग आणि तिथून ड्राईव्हवेच्या कडेने जमिनीखालून टाकीपर्यंत जाड पाईप, बस. टँकर रस्त्यावर उभा राहतो, होज लावतो, पाणी खाली. पाईपचा आणि चरीचा खर्च जाडी वाढवण्याच्या मानाने किरकोळ होता.

काकांचा भाऊ ह्यावर थोडा नाराज झाला, त्याचं म्हणणं ड्राईव्हवे असा हवा की काहीही आलं तरी चाललं पाहिजे. ह्या मताचे लोक खूप असतात. वर्षातून चार वेळा येणाऱ्या वाहनासाठी वर्षभराचा रस्ता बांधायचा की त्या वाहनाची वेगळी सोय करायची, हा हिशोब आधी केला तर सगळे पर्याय एकदम स्वस्त होतात, आणि सपाट भागात चाकपट्ट्या शक्य झाल्या त्या फक्त ह्यामुळे.

दुसरा निर्णय: तीन तुकडे, तीन पृष्ठभाग

अख्ख्या पट्ट्याला एकच उत्तर शोधायचं आम्ही सोडून दिलं. उताराचे 20 फूट पूर्ण रुंदीचं काँक्रीट, 200 चौरस फूट. मधल्या 32 फुटांत दोन चाकपट्ट्या. पोर्चसमोरच्या 14 फुटांत पेव्हर, कारण खालून ड्रेनेज जाते आणि ती कधी ना कधी उघडावी लागणारच.

पट्ट्यांची रुंदी किती ह्यावर बरीच चर्चा झाली. साधारणपणे 2 फुटांची पट्टी पुरते. पण आजींचा वॉकर 2 फुटांच्या आसपास रुंद, त्याचे पाय पट्टीच्या अगदी कडेवर आले असते, म्हणून अडीच फूट केली. मध्ये अडीच फूट मोकळी जागा. दोन्ही पट्ट्या मिळून 160 चौरस फूट. म्हणजे उतार आणि पट्ट्या मिळून 360 चौरस फूट काँक्रीट, 5 इंचाने 150 घनफूट. कुठे 275 आणि कुठे 150. त्यातून जे वाचलं ते जवळजवळ सगळं खालच्या थरात आणि पाण्याच्या निचऱ्यात घातलं.

पट्ट्या कुठे पडायच्या हे कागदावर न काढता जागेवरच ठरवलं. मुलाला सांगितलं दोन्ही गाड्या नेहमीसारख्या आत आण, बाहेर ने, आणि मागून चुन्याची फक्की टाकत गेलो. सरळ भागात दोन्ही गाड्यांच्या खुणा अडीच फुटांत आरामात बसल्या. वळणावर मात्र आतल्या बाजूला फक्कीची रेघ चांगली वीतभर बाहेर गेली, कारण वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, आतून कापत जातं. म्हणून वळणावर आतली पट्टी फूटभर जास्त रुंद धरली.

लोखंड घालायचं का

इथे मिस्त्री आणि काका दोघंही एका बाजूला: लोखंडाशिवाय काँक्रीट म्हणजे काय. जमिनीवर टेकलेल्या स्लॅबमध्ये हलकी जाळी भेग पडायची थांबवत नाही, पडलेली भेग उघडी होऊ देत नाही एवढंच तिचं काम. आणि ते काम सुद्धा जाळी स्लॅबच्या वरच्या निम्म्यात असेल तरच. बहुतेक साईटवर जाळी जमिनीवर अंथरतात, "ओतताना वर उचलू" म्हणतात आणि ती तिथेच तळाशी पुरली जाते. पैसे कमी असतील तर ते जाळीत न घालता खालच्या थरात आणि जॉईंटमध्ये (काँक्रीटमध्ये मुद्दाम पाडलेले काप) घालावेत असं माझं मत आहे आणि इथे तसंच केलं. फक्त उताराच्या स्लॅबमध्ये, टँकरच्या पाण्याचा पाईप टाकायची चर नुकतीच जिथून गेली होती तेवढ्या तुकड्यात, कव्हर ब्लॉकवर, म्हणजे जाळी वर धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर, जाळी ठेवली.

प्रत्यक्ष काम

आधी पाणी. उतार संपतो तिथे आडवं जाळीचं गटार केलं, पूर्ण 10 फूट रुंदीचं, आणि त्याचं पाणी बाजूने पाईपने मागच्या सखल भागात सोडलं. शोषखड्डा काढायची सूचना आली होती पण काळ्या मातीत शोषखड्डा शोषत नाही, भरून राहतो. सपाट भागाला घरापासून लांब जाईल असा आडवा ढाळ दिला, 50 ला 1. कोणी विचारलं की ह्या कामात सर्वात जास्त उपयोग कशाचा झाला तर मी ह्या गटाराचं नाव घेईन.

मग खोदाई. भराव आणि वरची काळी माती मिळून सव्वा ते दीड फूट काढली. पोर्चसमोर ड्रेनेजच्या चरीवर कुदळ टाकली तर ती दांड्यापर्यंत आत गेली, म्हणजे पाईप टाकल्यावर चर नुसती ढकलून बुजवलेली. ती पाईपच्या वरपर्यंत मोकळी करून थराथराने पुन्हा भरली. हे सापडलं नसतं तर पेव्हरमध्ये बरोबर त्याच रेषेत घळ पडली असती.

तळाला जिओटेक्स्टाईल, त्यावर सहा-सहा इंचांच्या थरांत कडक मुरूम. मुरुमाला पाणी किती मारायचं ह्याची साईटवरची परीक्षा सोपी आहे, मूठभर घेऊन दाबायचा, गोळा झाला पाहिजे पण हाताला चिखल लागता कामा नये, आणि गोळा खाली टाकला की फुटला पाहिजे. सुका मुरूम कितीही कुटा, आतून पोकळ राहतो. पहिल्या थराला कामगारांनी टँकर उघडाच सोडला होता, तो थर वाळेपर्यंत काम थांबवावं लागलं, कंत्राटदार वैतागला पण थांबला.

मुरुमावर तुटलेल्या काँक्रीटचा थर. जवळच एक जुनी कंपाउंड वॉल पाडली जात होती, तिचा राडारोडा फुकट मिळत होता फक्त वाहतूक द्यायची. पण राडारोडा जसाच्या तसा टाकायचा नसतो. काँक्रीटचे तुकडे चांगले, विटांचे तुकडे पाणी पितात आणि पुढे भुगा होतात, लाकूड कुजतं आणि पोकळी होते, पीओपी तर अजिबात नको. दोन माणसं बसवून निवडून घेतला, मोठे तुकडे घणाने फोडले, वर खडी आणि कच (दगडाची भुकटी) टाकून फटी भरल्या आणि प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर दाबायचं मशीन, फिरवला. ह्या थराचा माल जवळजवळ फुकटात मिळाला, मजुरी तेवढी लागली.

काँक्रीट मिक्सरवर साईटलाच केलं, एम 25, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी 1:1:2. रेडीमिक्सचा, म्हणजे तयार काँक्रीट ट्रकने मागवायचा, विचार केला होता पण भरलेला ट्रक म्हणजे पुन्हा तोच टँकरचा प्रश्न, नुकताच दाबलेला थर त्याखाली गेला असता. उतारावर खालून वर ओतत गेले, उलटं केलं तर माल खाली ओघळतो. इथे मिस्त्रींशी थोडं वाजलं. 50 किलोच्या एका पोत्याला 25 लिटरच्या वर पाणी घालायचं नाही, वाळूतली ओल धरून, असं ठरलं होतं, आणि मिक्सरवरचा मुलगा बादली ओततच होता कारण पातळ माल पसरायला सोपा. मिस्त्रींचं म्हणणं, "साहेब, एवढ्या घट्ट मालाला फिनिश येत नाही." उतारावर गुळगुळीत फिनिश हवीच कुणाला होती! प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पसरायला सोपा करणारं रसायन) घालून काम सोपं केलं, पाणी तेवढंच ठेवलं, आणि पृष्ठभाग ओलसर असतानाच उताराला आडवा खराटा ओढून रेषा काढल्या.

जॉईंट. काँक्रीट वाळताना आकसतं, भेग पडणारच, ती कुठे पडावी हे आपण ठरवायचं एवढाच प्रश्न. उताराच्या स्लॅबला 10 फुटांवर मधोमध, आणि पट्ट्यांना साधारण साडेतीन फुटांवर, कारण तुकडा रुंदीच्या दीडपटीपेक्षा फार लांब असला की तो मध्ये आपोआप तुटतो. कापाची खोली जाडीच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे सव्वा इंच. कटरवाला "उद्या दुपारी येतो" म्हणाला होता, त्याला पहाटे यायला लावलं. उन्हाळ्यात उशीर झाला की काँक्रीट स्वतःच स्वतःचा जॉईंट पाडून मोकळं होतं.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, ओली बारदानं, काकूंनी स्वतः लक्ष ठेवलं. सात दिवसांत काँक्रीट साधारण दोन तृतीयांश ताकद धरतं, गाड्या त्यानंतरही काही दिवस बाहेरच उभ्या होत्या.

पेव्हर 60 मिमी, खाली 30 मिमी वाळू, आणि मांडणी हेरिंगबोन, म्हणजे काटकोनात एकमेकांत अडकलेली. पोर्चसमोर गाडी उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवते, चाक जागेवर पिळतं, सरळ ओळीत लावलेले ब्लॉक तिथे हळूहळू फिरतात. काकूंना सरळ ओळी आवडल्या होत्या, कारण कळल्यावर त्यांनी लगेच होकार दिला.

मधल्या जागेत बारीक कोनदार खडी, पट्टीच्या पातळीपेक्षा अर्धा इंच खाली. गवताची कल्पना सुनेची होती, पण जिथे पाण्याला टँकर लागतो तिथे गवत कोण जगवणार.

परिणाम

दोन पावसाळे गेलेत. पोर्चशी पाणी येणं पूर्ण बंद, जोत्याची ओल वाळली. पट्ट्यांमध्ये एकही आडवी भेग जॉईंटच्या बाहेर नाही. उतारावर स्कूटर घसरत नाही. टँकर बाहेर उभा राहून जातो, ड्रायव्हरला पण तेच बरं वाटतं कारण रिव्हर्स घ्यायची कटकट गेली. खर्च ठरवल्यापेक्षा थोडा वर गेला, निवडलेल्या राडारोड्याची मजुरी आणि ड्रेनेजची चर ह्यामुळे, पण पूर्ण काँक्रीटच्या बराच खाली राहिला.

आता जे नीट झालं नाही ते. गेटजवळच्या व्हॉल्व्ह चेंबरच्या एका कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आहे, हातभर लांब. पेव्हरच्या एका बाजूची शेवटची ओळ थोडी बाहेर कलली. आणि वळणावर मधली खडी पट्टीवर येते, ती झाडावी लागते, नाहीतर आजींच्या वॉकरखाली येते. पाहुणे आले की त्यांना पट्ट्यांवरून रिव्हर्स घेणं जमत नाही, एकाने चाक खडीत उतरवून कडेचा टवका काढला.

वेगळं काय करता आलं असतं

चेंबरची भेग टाळता येण्यासारखी होती. स्लॅबमध्ये कुठेही चौकोनी भोक असलं की त्याच्या कोपऱ्यात ताण गोळा होतो, भेग तिथूनच निघते. ओतणाऱ्यांनी काँक्रीट चेंबरच्या भिंतीला चिकटवून टाकलं. चारी बाजूंनी अर्धा इंच फोमची पट्टी घालून चेंबर स्लॅबपासून मोकळं ठेवायचं आणि कटचा जॉईंट चेंबरच्या कोपऱ्यातूनच न्यायचा, एवढं केलं असतं तर पुरलं असतं. आता ती भेग सीलंटने भरली आहे, वाढत नाहीये.

पेव्हरच्या कडेला कर्ब लावला होता पण त्याच्या मागून काँक्रीटचा टेकू एका बाजूला दिलाच नाही, तिथे फुलझाडांचा वाफा येणार होता म्हणून. नेमकी तीच बाजू कलली. वाफा सहा इंच मागे सरकवून टेकू देता आला असता.

वळणावर आतली पट्टी रुंद करण्याऐवजी तेवढे आठ फूट सलग पूर्ण रुंदीचं काँक्रीट केलं असतं तर खडी पट्टीवर यायचा आणि पाहुण्यांचा, दोन्ही प्रश्न सुटले असते. जास्तीचं काँक्रीट फार लागलं नसतं, चौकट लावायचं काम तर उलट सोपं झालं असतं. तेव्हा फक्कीच्या रेघा फक्त घरच्या गाड्यांच्या मारल्या, बाहेरच्या एखाद्या मोठ्या गाडीची पण मारायला हवी होती.

आणि एक गोष्ट जी काकांनी स्वतः सुचवली म्हणून झाली: उताराच्या स्लॅबखालून आणि पट्ट्यांखालून एक रिकामा 4 इंची पाईप टाकून दोन्ही टोकं बंद करून ठेवली आहेत. मागच्या महिन्यात गेटला दिव्याची वायर न्यायची होती, ती त्यातूनच गेली. उरलेले वीस-पंचवीस पेव्हर काकूंनी गच्चीवर रचून ठेवलेत, त्याच लॉटचे, कारण नंतर आणले तर रंग जुळत नाही.